परदेशातून : परीक्षक मुका, रुग्ण बोलका

2021 च्या सेमिस्टर अभ्यासक्रमात बी.एस्सी. नर्सिंगच्या प्रात्यक्षिक परीक्षेत ऑस्की (OSCE: एकेका ठिकाणी, म्हणजे ‘स्टेशन’वर, ठराविक वेळेत एकेक काम करून दाखवायचं आणि परीक्षकाने चेकलिस्ट बघून गुण द्यायचे) आली, तेव्हापासून महाराष्ट्रात एक कुरकुर ऐकू येते: हे नाटक आहे, वॉर्डात राबल्या की मुली आपोआप शिकतात. इंग्लंडमधून पाहताना ती अर्धी पटते.

इथे परदेशी नर्सला नोंदणीसाठी दहा स्टेशनं द्यावी लागतात. कोचिंगवाले त्यासाठी संवाद पाठ करून घेतात. ‘आता मी हात स्वच्छ करते’ हे प्रत्येक पायरीला मोठ्याने म्हणायचं! वॉर्डात असं कोण बोलतं?

पण चेकलिस्ट खोटी नाही. नाडीवरची बोटं तशीच ठेवून, रुग्णाच्या नकळत, पूर्ण 60 सेकंद श्वास मोजायचे. 15 सेकंद मोजून चारने गुणलं, की एका श्वासाची चूक चारची होते. औषध देताना नाव आणि जन्मतारीख रुग्णाच्याच तोंडून घ्यायची, मनगटाच्या पट्टीशी आणि चार्टशी ताडायची, अ‍ॅलर्जी विचारायची. गोळी गिळलेली पाहिल्यावरच सही.

वैद्यकीय शिक्षणतज्ज्ञ रोनाल्ड हार्डेन यांनी 1975 मध्ये स्कॉटलंडमधल्या डंडीहून ऑस्की मांडली ती परीक्षेतला नशिबाचा भाग कमी करायला. सगळ्यांना तोच प्रसंग, तीच चेकलिस्ट. आपल्याकडे मात्र इंजेक्शन चालू असतानाच एक्स्टर्नल, म्हणजे बाहेरून आलेले परीक्षक, व्हायवा (तोंडी परीक्षा) सुरू करतात. मुलगी उत्तरं त्यांना देते, पाठ पेशंटकडे. पेशंट तरी कुठला, रबरी दंडच तो.

म्हणून माझा आग्रह जिवंत माणसाचा आहे. इंटर्न किंवा मावशींनाही रुग्ण म्हणून बसवता येईल. त्यांना आधी अर्धं पान लिहून द्या: ‘दुखतंय का?’ विचारलं तर ‘नाही गं, बरंय’ एवढंच म्हणा. ‘कुठं, कसं दुखतंय ते सांगा’ म्हणाली तरच पोटातली कळ आणि रात्रीची उलटी सांगा. आपल्या वॉर्डातली आजी हेच करते. दोन्ही परीक्षकांनी आदल्या दिवशी अशा परीक्षेचा एकच नमुना व्हिडिओ पाहून वेगवेगळे गुण द्यावेत, फरक पडला तिथे चेकलिस्टचं वाक्य सुधारावं.

सगळ्यात कच्चा राहतो तो रुग्णाची तब्येत बिघडल्यावर डॉक्टरांना करायचा फोन. बेड नंबर, बीपी, पल्स घडाघडा सांगून मुलगी थांबते. ‘सर, तुम्ही आत्ता येऊन बघा’ हे तिच्या तोंडून निघत नाही, कारण सरांना असं सांगायचं नसतं हेच ती पहिल्या वर्षापासून बघत आलेली असते. त्या एका वाक्याला चेकलिस्टमध्ये स्वतंत्र गुण हवेत.