कोयनेचं खोरं आणि आपल्यावरचं जुनं देणं

जुलै-ऑगस्टात रोज सकाळी बातमी येते. कोयनानगरला इतके मिलिमीटर, नवज्याला इतके, महाबळेश्वरला इतके, धरणात इतके टीएमसी. साठा शंभरीकडे सरकला की सगळ्या महाराष्ट्राला हायसं वाटतं. मलाही वाटतं. पण या आकड्यांच्या मागे एक अख्खं खोरं आहे, त्याला स्वतःचा भूगोल आहे, इतिहास आहे, आणि त्यात अजून माणसं राहतात. हे फार थोड्यांच्या ध्यानात येतं. सातारा, जावळी आणि पाटण तालुक्यांतली दोनशेहून जास्त गावं घेऊन तिथे ‘नवीन महाबळेश्वर’ नावाचं गिरिस्थान उभं करायचं घाटतंय. म्हणून आज जरा सविस्तर लिहितोय.

आधी नदीच नीट बघू. महाबळेश्वरच्या डोंगरावरून पाच नद्या निघतात असं आपण मानतो. त्यातली सावित्री थेट कोकणात उतरून समुद्राला मिळते. कृष्णा वाईकडे जाते, वेण्णा मेढ्यावरून साताऱ्याकडे. कोयना मात्र दक्षिणेला वळते आणि सह्याद्रीच्या मुख्य धारेला अगदी खेटून, धारेच्या पूर्व अंगाने, साठ-पासष्ट किलोमीटर जवळजवळ सरळ जाते. पश्चिमेला महिमंडणगड, वासोटा, जंगली जयगड, भैरवगड यांची रांग, तर पूर्वेला बामणोलीची डोंगररांग. या दोन रांगांच्या मधल्या चिंचोळ्या घळीत ती वाहते. कांदाटी आणि सोळशी तिला वरच्या खोऱ्यातच येऊन मिळतात. मग हेळवाकला ती एकदम पूर्वेकडे काटकोनात वळते, पाटणजवळ केरा-मोरणा घेते, पुढे वांग घेते आणि कऱ्हाडला प्रीतिसंगमावर कृष्णेच्या समोरासमोर येऊन भिडते. उगमापासून संगमापर्यंत सुमारे १३० किलोमीटर.

हा भूगोल इतक्या बारकाईने सांगतोय, कारण पुढचं सगळं त्यातूनच घडलंय. पावसाळी ढग कोकणातून वर चढतात आणि पहिल्या धारेलाच मोकळे होतात. नवज्याला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. त्याच सातारा जिल्ह्यातल्या माणदेशात पाचशेची मारामार. एवढा पाऊस झेलणारी नदी आणि तिच्या पश्चिमेला काही किलोमीटरवर कोकणचा सरळसोट कडा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच अभियंत्यांच्या नजरेत हे भरलं होतं. नदी अडवायची, पाणी डोंगराच्या पोटातून पलीकडे सोडायचं, आणि पावणेपाचशे मीटरच्या उतारावर वीज करायची. कोयना प्रकल्प म्हणजे एवढंच, आणि एवढं मोठं. आज त्याच्या सगळ्या टप्प्यांची मिळून क्षमता १,९६० मेगावॉट आहे.

पण खोऱ्याचा इतिहास धरणापासून सुरू होत नाही. मला सगळ्यात जास्त हेच खुपतं. धरणाआधी तिथे नुसतं रान होतं, अशा थाटात लोक बोलतात.

कऱ्हाडजवळच्या आगाशिवच्या डोंगरात बौद्ध लेणी आहेत. चिपळूणहून कुंभार्ली घाटाने हेळवाक, तिथून पाटण आणि पुढे कऱ्हाड ही वाट जुन्या काळापासून चालती होती. कोकणातून मीठ वर यायचं, देशावरचं धान्य खाली जायचं. वरच्या टोकाला पारघाट. या घाटांवर ज्याचं ठाणं त्याची जकात, त्यामुळे हे दुर्गम खोरं राजकारणाच्या ऐन मध्यात होतं. जावळीच्या मोऱ्यांचा रुबाब त्यातूनच आलेला. ‘येता जावळी, जाता गोवळी’ हे त्यांच्या तोंडी घातलेलं वाक्य आपण शाळेत ऐकतो. त्यातली धमकी कशाच्या जोरावर होती, ते त्या रानातून पावसाळ्याच्या तोंडावर एकदा चालल्याशिवाय कळत नाही. जानेवारी १६५६ मध्ये शिवाजीराजांनी जावळी घेतली. हाती नुसती एक जहागीर आली नव्हती. घाटवाटांच्या किल्ल्या आल्या होत्या. लगेच पारघाटावर मोरोपंत पिंगळ्यांच्या देखरेखीखाली प्रतापगड उभा राहिला आणि १० नोव्हेंबर १६५९ ला अफजलखान त्याच्या पायथ्याशी पडला. त्याआधी वाईहून निघालेली त्याची फौज, हत्ती आणि तोफांसह, रडतोंडीच्या घाटाने कोयनेकाठच्या पार गावाशी उतरवली गेली होती. खानाला उघड्या मैदानातून या घळीत आणणं, हाच त्या मोहिमेचा अर्धा विजय. पारला नदीवर जुना दगडी पूल आहे, शिवकालीन मानतात. प्रतापगडाकडे जाताना थोडी वाट वाकडी करून तो जरूर बघा.

वासोट्याची गोष्ट वेगळी. इतका आडबाजूला असलेला किल्ला तुरुंगासाठीच वापरला जायचा. पेशवाईच्या उतरत्या काळात ताई तेलिणीने तो पंतप्रतिनिधींच्या बाजूने लढवला आणि बापू गोखल्यांसारख्या सरदाराला झुंजवलं. ‘तेलीण मारी सोटा, बापू गोखल्या सांभाळ कासोटा’ ही ओळ लोकांनी जपली. आज वासोट्याला जाणारी मंडळी बामणोलीहून लाँचने जातात, गड चढतात, फोटो काढतात आणि परततात. ती लाँच ज्या पाण्यावरून जाते, त्याच्या तळाशी शेतं आहेत, देवळांचे चौथरे आहेत, वाड्यांच्या जोती आहेत. उन्हाळ्यात पाणी फार ओसरलं की त्यातलं काही काही वर येतं.

आता धरण. १९५४ च्या सुमारास काम सुरू झालं, १९६२ मध्ये वीज सुरू झाली, १९६४ पर्यंत धरण पुरं झालं. उंची १०३ मीटर. मागे पन्नासेक किलोमीटर पसरलेला शिवसागर जलाशय. तडाखा शंभराच्या आसपास गावांना बसला. काही डोंगरउतारावर वर सरकली, बाकीची सोलापूर, सांगली, रायगड, ठाणे, रत्नागिरी अशी विखुरली. महाराष्ट्रात प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा आला १९७६ मध्ये. म्हणजे खोरं बुडालं तेव्हा उठणाऱ्या माणसाच्या बाजूने कायदाच नव्हता. हे एक वाक्य लक्षात ठेवा, पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

माझ्या आईच्या माहेरचे लोक सोलापूरकडे गेलेले. भात, नाचणी, वरी पिकवणारी, पायाखाली लाल माती आणि डोक्यावर चार महिने इरलं असलेली माणसं कोरड्या काळ्या रानात ज्वारी पेरायला गेली. मामा सांगायचे, पहिली काही वर्षं म्हाताऱ्यांना नुसतं आकाश बघूनच भीती वाटायची, चारी बाजूंना डोंगर दिसायचाच नाही. जमिनीचे कागद पुरे व्हायला एक पिढी गेली. काहींचे अजून झालेले नाहीत. अशी कथा या खोऱ्यातल्या प्रत्येक आडनावात सापडते. जे मागे राहिले त्यांची तऱ्हा निराळी. पाण्याने वर ढकललेल्या वाड्यांपैकी कितीतरी पश्चिम काठावर होत्या. १९८५ मध्ये तिथे कोयना अभयारण्य जाहीर झालं, २०१० मध्ये चांदोलीसह सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. जंगल राखलं पाहिजे, यात मला तिळमात्र शंका नाही. २०१२ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत या अभयारण्याचं नाव आलं याचा मला अभिमान आहे. पण एकाच कुटुंबाला आधी विजेसाठी आणि मग वाघासाठी बाजूला व्हायला सांगताना दोन्ही वेळचा हिशोब पुरा करायला हवा होता.

घरातले तरुण मुंबईला गेले. दाणाबंदर, गोदी, मसाला बाजार, पाठीवर ओझी. माथाडी कामगारांना संघटित करणारे अण्णासाहेब पाटील पाटण तालुक्यातल्या मंद्रुळकोळ्याचे, हा योगायोग नाही. १९६९ चा माथाडी कायदा या डोंगरातल्या माणसाच्या पाठीवरच्या घट्ट्यांमधून आला. मुंबईतल्या कारखान्यांना कोयनेची वीज गेली आणि त्याच मुंबईत कोयनेचा माणूस गोणी उचलत राहिला. धरणाजवळच्या कितीतरी वाड्यांमध्ये मात्र दिवा फार उशिरा लागला.

आणि ११ डिसेंबर १९६७. पहाटे चार वाजून एकवीस मिनिटं. सुमारे ६.३ तीव्रतेचा भूकंप, दीडशेहून अधिक मृत्यू, कोयनानगर जमीनदोस्त, दगडमातीच्या भिंती झोपलेल्या माणसांवर कोसळल्या. मुंबईची वीज गेली. धरणाला तडे गेले, ते पुढे मजबूत करण्यात आलं. जलाशयाच्या भारामुळे आणि खडकात झिरपणाऱ्या पाण्यामुळे चाळवलेल्या भूकंपांचं जगातलं सगळ्यात अभ्यासलेलं उदाहरण आज कोयनेचं आहे. पाणी साठू लागल्यापासून इथे पाचपेक्षा जास्त तीव्रतेचे वीसच्या वर धक्के बसलेत, आणि तेही साधारण वीस बाय तीस किलोमीटरच्या पट्ट्यात. २०१७ मध्ये शास्त्रज्ञांनी गोठण्याला तीन किलोमीटर खोल छिद्र घेतलं. सव्वा किलोमीटरच्या आसपास काळा पाषाण, आणि त्याखाली थेट ग्रॅनाइट. त्यासाठीची प्रयोगशाळा कऱ्हाडजवळ हजारमाचीला आहे. आपल्या पायाखाली काय चाललंय याचा इतका सूक्ष्म शोध जगात फार थोड्या ठिकाणी घेतला जातो. शाळांच्या सहली तिकडे न्यायला हव्यात.

आता नव्या गिरिस्थानाकडे येतो. रोजगार हवा, रस्ते हवेत, दवाखाना हवा, हे मी कोणापेक्षाही जास्त पोटतिडकीने म्हणेन. कांदाटी खोऱ्यातल्या बाळंतिणीला तराफ्याची वाट बघावी लागते, हे मला मान्य नाही. शिवसागराच्या काठच्या तापोळ्याहून अहीरकडे पूल होतोय, तो व्हायलाच हवा. पण पूल आणि दवाखाना ही तिथल्या माणसाची गरज आहे, आणि गिरिस्थान ही बाहेरच्याची. दोन्ही एका कागदात घालून पुढे रेटलं की पहिल्याच्या नावावर दुसरं खपतं.

या डोंगरांचे माथे सपाट आहेत, जांभ्याचे सडे. वरवर उजाड दिसतात म्हणून बांधकामाला सोयीचे वाटतात. प्रत्यक्षात पावसाचं पाणी मुरवून खालच्या वाड्यांच्या झऱ्यांना उन्हाळाभर पुरवायचं काम हे सडेच करतात. कासचं पठार त्यातलंच एक, त्याची फुलं सगळ्यांना माहीत, त्याचं पाणी कोणी विचारात घेत नाही. सडा काँक्रीटने झाकला की खालचा झरा आटणार, हे कळायला अहवालाची गरज नाही. आणि उतारांचं म्हणाल, तर जुलै २०२१ आठवा. आंबेघर, मीरगाव, ढोकावळे. एका रात्रीत डोंगर घरांवर आला. अतिवृष्टी, तीव्र उतार, मुरमाड माती आणि भूकंपप्रवण पट्टा, हे चारही एकत्र असलेल्या खोऱ्यात रिसॉर्टसाठी उतार कापायचे, असा विचार तरी कसा सुचतो?

तापोळ्याला ‘मिनी काश्मीर’ म्हणणं आधी बंद करूया. जावळीच्या खोऱ्याला उसन्या ओळखीची काय गरज? ही पाटी लावली की येणारा माणूस फक्त पाणी आणि होडी बघतो. पाण्याखालचं गाव, काठावरचा गवळी-धनगर आणि पारचा पूल त्याच्या नजरेतून सुटतात.

माझं म्हणणं सरळ आहे. नव्या आराखड्याची एक वीटही बसण्याआधी कोयनेच्या धरणग्रस्तांचं पुनर्वसन पुरं करा. २०१८ मध्ये कोयनानगरला त्यांनी दिवसचे दिवस ठिय्या दिला, बायका-मुलं घेऊन. तेव्हा बसलेल्यांत धरणाच्या वेळी पाळण्यात असलेले लोक होते, आता नातवंडांसह आलेले. कोणाला किती जमीन देय, किती मिळाली, कोणत्या जिल्ह्यात मिळाली, कोणाच्या ताब्यात आली, याची गाववार यादी लोकांसमोर ठेवा. खोऱ्यातलं पाणी कृष्णा पाणीवाटप लवादाने ठरवलेल्या वर्षाला ६७.५ टीएमसीच्या मर्यादेपर्यंत पश्चिमेला वळतं, त्याचा हिशोब दशांशापर्यंत ठेवता येतो. मग माणसांचा का नाही? गिरिस्थानाचा आराखडा गावसभांपुढे मराठीत, नकाशासह वाचून दाखवा, आणि सडे व तीव्र उतार त्यातून पूर्ण वगळा.

आणखी एक, हे सरकारवर न सोडता आपणच करायचं. बुडालेल्या गावांची, वाड्यांची, शेतांच्या नावांची, देवांची, पाणवठ्यांची नोंद ज्यांच्या तोंडी आहे ती माणसं आता ऐंशीच्या पुढची आहेत. तुमच्या घरात कोयनेचं कोणी असेल, सोलापूरला, पनवेलला, भिवंडीला, कुठेही, तर या मे महिन्यात त्यांच्यापाशी वही घेऊन बसा. गावाचा नकाशा काढून घ्या, कोणाचं घर कुठे, नदीवर उतरायची वाट कुठून, ग्रामदेवतेची पालखी कुठे थांबायची. मी आईच्या माहेरापासून सुरुवात केली आहे. जुने सातबारे, मोजणीचे नकाशे, धरणाच्या वेळच्या नोटिसा कोणाकडे असतील तर त्यांचे फोटो काढून ठेवा, आणि दाखवायला हरकत नसेल तर मला कळवा. गाववार लावून एकत्र ठेवायचं काम मी करतो.