कूळ व्हा, पण उतावीळ होऊ नका

सातबाऱ्याच्या 'इतर अधिकार' रकान्यात तुमच्या आजोबांचं नाव 'साधे कूळ', म्हणजे दुसऱ्याची जमीन कसणारे, म्हणून लागलंय ना? मग अभिनंदन. तीन पिढ्यांच्या उद्योगाची सोय झाली. फक्त घाई करू नका.

तसे कूळकायद्याने आजोबा १ एप्रिल १९५७ लाच मालक झाले. त्याला कृषक दिन म्हणतात. हीच तारीख का धरली, असलं काही विचारायचं नाही. राहिली ती फक्त किंमत ठरवायची, कलम ३२ ग प्रमाणे. आकाराच्या, म्हणजे जमिनीवरच्या सरकारी साऱ्याच्या, २० ते २०० पट. मालकाची विहीर, झाडं असतील तर त्यांचे वेगळे. आमच्या खाचराचा आकार अडीच रुपये. म्हणजे जमिनीचे जास्तीत जास्त पाचशे! तेही झेपत नसतील तर वर्षाला एक असे बारा हप्ते, साडेचार टक्के व्याजाने. एवढी मोठी रक्कम एका दमात ठरवणं बरं नव्हे, म्हणून ती तहसीलदारांकडे आजोबांपासून ठरतेच आहे.

सत्तावन्न साली जमीन विधवा बाईच्या नावावर असेल तर आणखी छान. तुमचा कृषक दिन पुढे ढकलला जातो, आणि तिच्या पश्चात ठरल्या मुदतीत 'मला जमीन घ्यायची आहे' असं कळवावं लागतं. आजोबांना सही येत नव्हती, हा कायद्याचा दोष नाही.

अर्जात मालकाचा एखादा वारस विसराच. त्याच एका मुद्द्यावर प्रकरण दहा वर्षांनी फेरचौकशीला परत येतं. आमच्या मालकाचे वारस सतरा. पार्ल्याच्या वारसाला धाडलेल्या नोटिशीच्या पाकिटावर पोस्टमनचा शेरा: 'घर बंद, सबब परत.' अमेरिकेतल्या ताईंचा पत्ता त्यांच्या सख्ख्या भावालाही आठवत नाही. जमिनीचा गट नंबर मात्र तोंडपाठ.

रोजनामा, म्हणजे प्रकरणाची तारीखवार नोंद, वाचायची गोडी लावून घ्या. 'साहेब निवडणूक कामी. पुढील तारीख.' 'जाबदार गैरहजर. पुढील तारीख.' 'साहेबांची बदली. नव्याने सुनावणी.' शाई बदलते, मजकूर तोच.

चुकून निकाल लागलाच तर खचू नका. वर प्रांताधिकारी आहेत, महसूल न्यायाधिकरण आहे, हायकोर्ट आहे. सगळं पार करून ३२ म चं खरेदीचं प्रमाणपत्र हाती आलं, तरी विकायला कलम ४३ ची, सरकारी परवानगीची अट. २०१४ पासून ती सोपी झाली: दहा वर्षं उलटली की आकाराच्या ४० पट नजराणा सरकारात भरायचा. आमचे शंभर रुपये काकांनी डब्यात बाजूला काढून ठेवलेत. त्यानंतर चार भावांत बावीस गुंठ्यांची वाटणी आणि मोजणी, पण ते आत्तापासून मनावर घेऊ नका.

पुढची तारीख ऐन लावणीत पडलीय. अव्वल कारकून काकांना म्हणाले, "तुम्ही आला नाहीत तर अर्ज निकाली निघेल हां."

"आणि मालकाकडचं कुणी आलं नाही तर?"

"तर पुढची तारीख."