अडकलेली रेस तेलाने सुटत नाही

गणपतीसाठी गावी निघालेल्या चाकरमान्यांच्या मोबाइलवर सध्या एक संदेश फिरत आहे. त्याचा आशय असा: कोकणातल्या खाऱ्या हवेने रेसची केबल गंजते आणि गाडीची रेस चढलेलीच राहते, तसे झाल्यास ताबडतोब चावी काढावी, ब्रेक दाबत-सोडत राहावे, हँडब्रेक ओढावा आणि गाडी थांबली की केबलमध्ये खोबरेल तेल सोडावे, नव्या इलेक्ट्रॉनिक गाड्यांना मात्र हा धोका नाही. हेतू चांगला असला तरी यातला बहुतेक सल्ला चुकीचा असून पहिला तर जिवावर बेतणारा आहे.

चालत्या गाडीची चावी काढली की स्टिअरिंगला कुलूप लागू शकते. कुंभार्ली किंवा आंबा घाटाच्या वळणावर याचा अर्थ काय होतो, हे वेगळे सांगायला नको. सर्वांत आधी इंजिनाचा चाकांशी असलेला संबंध तोडायचा असतो, म्हणजे क्लच पूर्ण दाबून गाडी न्यूट्रलमध्ये आणायची. ऑटोमॅटिक गाडीत दांडा थेट ‘एन’वर न्यायचा. घाट उतरताना गाडी न्यूट्रल करू नये, हा नियम खराच आहे. परंतु रेस अडकलेले इंजिन गाडीला रोखत नसते, पुढे ढकलत असते, म्हणून या एका प्रसंगी तो लागू होत नाही. न्यूट्रल केल्यावर इंजिन मोठ्याने ओरडेल, पण त्याला घाबरून गाडी पुन्हा गिअरमध्ये टाकू नये. इंधनाचे नियंत्रण संगणकाकडे असलेल्या इंजिनाचे फेरे ठराविक मर्यादेपलीकडे जाऊ दिले जात नाहीत. गाडी कडेला थांबल्यावर इंजिन बंद करावे. न्यूट्रल लागतच नसेल, तर चावी एकच घर मागे फिरवून इंजिन बंद करता येते, मात्र ती काढायची नाही, आणि त्यानंतर स्टिअरिंग व ब्रेक दोन्ही जड होतील याची तयारी ठेवायची. बटणाने सुरू होणाऱ्या बहुतेक गाड्यांत धावताना इंजिन बंद करण्यासाठी बटण काही सेकंद दाबून धरावे लागते. आपल्या गाडीची रीत पुस्तिकेत आधीच वाचून ठेवावी.

ब्रेक दाबत-सोडत राहण्याचा सल्ला पेट्रोल गाडीत उलटा परिणाम करतो. तिच्या ब्रेकला जोर देणारा बूस्टर इंजिनाच्या हवेच्या नळीत तयार होणाऱ्या निर्वातावर चालतो. थ्रॉटल, म्हणजे इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारी झडप, सताड उघडा राहिला की तो निर्वात जवळजवळ नाहीसा होतो आणि बूस्टरमध्ये साठलेला जोर दोन-तीनदा ब्रेक मारण्यापुरताच उरतो. तो संपला की पेडल दगडासारखे घट्ट होते. म्हणून ब्रेक एकदाच, पूर्ण ताकदीने दाबून धरावा. डिझेल गाडीत निर्वातासाठी स्वतंत्र पंप असल्याने ही अडचण इतकी तीव्र नसते, तरी पद्धत तीच ठेवलेली बरी. हँडब्रेक बहुधा फक्त मागची चाके धरतो. ओल्या रस्त्यावर तो झटक्याने ओढला तर मागची बाजू घसरते.

आता केबलकडे वळू. खारी हवा लोखंड खाते, हे किनाऱ्यावरच्या माणसाला शिकवावे लागत नाही, आणि जुन्या गाडीच्या केबलची तार टोकाशी गंजून उसवते हेही खरे आहे. पण केबल हे अनेक कारणांपैकी एकच आहे, आणि सर्वांत साधे कारण पायाखालीच असते. पावसाळ्यात मूळ मॅटवर दुसरी रबरी मॅट टाकण्याची आपल्याकडे सर्रास पद्धत आहे. ती पुढे सरकते आणि पेडल तिच्या कडेखाली अडकते. म्हणून आधी मॅट काढून पाहावी.

त्यानंतरची तपासणी इंजिन बंद ठेवून करावी. केबलचे थ्रॉटलकडचे टोक सोडवून झडप हाताने उघडून सोडावी. ती टपकन मिटली, तर दोष केबलमध्ये किंवा पेडलमध्ये आहे. रेंगाळली, तर थ्रॉटल बॉडीत, म्हणजे ती झडप ज्या घरात बसते त्यात, काजळी साचली आहे किंवा स्प्रिंग कमकुवत झाली आहे. केबल वेगळी ओढून पाहताना खरखर लागली, एखादा धागा सुटलेला दिसला किंवा वेष्टन कुठे चेमटलेले आढळले, तर ती बदलावीच. काजळी असल्यास थ्रॉटल बॉडीसाठीचा क्लीनर मऊ कापडावर घेऊन झडपेच्या कडा पुसाव्यात. पॉलिश पेपर लावू नये, कारण झडपेची कड आणि तिची बैठक यांतली फट फार नेमकी असते.

खोबरेल तेल तर या कामाला अगदीच अयोग्य आहे. ते सुमारे २४ अंशांखाली थिजू लागते. दापोलीच्या थंडीत बाटलीतले तेल गोठते, तसेच ते केबलच्या वेष्टनातही गोठेल. शिवाय तेलकट तारेवर जांभ्याची लाल धूळ बसते. बऱ्याच केबलींना आतून प्लॅस्टिकचे अस्तर असते आणि त्यांना तेलाची गरजच नसते. तेलाने दोन दिवस बरे वाटते, तेवढ्यात उसवलेली तार तशीच राहते आणि माणूस निर्धास्तपणे घाट चढतो. माझा मुख्य आक्षेप यालाच आहे.

राहिला इलेक्ट्रॉनिक गाड्यांचा दावा. त्यांत केबल नसते, पेडलचा इशारा संगणकाकडे जातो आणि एक छोटी मोटर झडप उघडते, पण पेडल आणि मॅट असतेच. अमेरिकेत टोयोटाच्या गाड्या आपोआप वेग घेतात अशा तक्रारी वाढल्या, तेव्हा नासाच्या अभियंत्यांनी केलेल्या तपासणीचा अहवाल फेब्रुवारी २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांना इलेक्ट्रॉनिक दोषाचा पुरावा मिळाला नाही. मॅटमध्ये अडकणारे आणि परत येताना चिकटणारे पेडल हेच यांत्रिक दोष समोर आले. अशा गाड्यांत पेडलला सहसा दोन सेन्सर असतात आणि त्यांचे आकडे जुळले नाहीत, तर संगणक ताकद कमी करून इंजिनाचा दिवा लावतो. तो दिवा लागला की आधी स्कॅनर लावून संगणकाने नोंदवलेला दोषाचा कोड वाचून घ्यावा. इग्निशन चालू असताना झडप बोटाने ढकलू नये, कारण मोटर ती अचानक मिटवते आणि बोट सापडते. शिवाय आतले बारीक गिअर मोडतात. सफाईनंतर अनेक गाड्यांत संगणकाला झडपेची बंद स्थिती पुन्हा शिकवावी लागते, अन्यथा आयडलिंग चढे राहते आणि रेस अजून अडकते आहे असा गैरसमज होतो.