चार भिंतींच्या बाहेर

सेवानिवृत्त होईपर्यंत माझ्या आयुष्यात लपवून ठेवावे असे काहीही नव्हते. पगार वेतन आयोगाने सर्वांदेखत ठरविलेला, घर साताऱ्याच्या जुन्या पेठेतले, आणि शेजार असा जागरूक की पाहुण्याने चप्पल काढण्यापूर्वीच, चहाला दूध पुरेल का, अशी विचारणा भिंतीपलीकडून होत असे. पुढे रक्तातील साखर वाढली, डॉक्टरांनी गोड बंद करून रोज पाऊण तास चालावयास सांगितले, आणि साठीच्या उंबरठ्यावर मला प्रथमच एक गुपित प्राप्त झाले. ते म्हणजे मोती चौकातील कंदी पेढा.

व्यवस्था साधी होती. संध्याकाळी ‘चार भिंतीला जाऊन येतो’ असे, अजिंक्यतारा किल्ल्याच्या उतारावरील जुन्या वास्तूचे नाव सांगून बाहेर पडायचे, किल्ल्याच्या दिशेने चार पावले चढल्यासारखे करायचे, आणि मागे वळून, खरपूस भाजलेल्या खव्याचा तो तांबूस पेढा दुकानाच्या फळीपाशी उभ्या उभ्या संपवून, मिशी पुसून, दमलेल्या चेहऱ्याने घरी यायचे. पथ्याच्या बाबतीत आमची सौभाग्यवती अतिशय कडक. दर गुरुवारी ती भजनाला जाई आणि हल्ली बरीच उशिरा परत येई, तरी आल्याबरोबर पहिला प्रश्न ‘किती चाललात?’ हाच असे. संयुक्त खात्याचा प्रत्येक संदेश बँक तिच्याच फोनवर पाठवीत असल्यामुळे पेढ्याचे पैसे मी नेहमी रोख आणि सुटे देत असे. मला वाटे, एवढी सावधगिरी पुरेशी आहे.

दिवाळीत पुण्याहून चिरंजीव नवा फोन आणि मनगटावरचे घड्याळ घेऊन आले. मी चष्मा शोधेपर्यंत त्यांनी सात-आठ ठिकाणी ‘परवानगी द्या’ हे बटण दाबून टाकले होते. मी कारण विचारले तेव्हा ‘बाबा, सोयीसाठी असतं ते’ एवढेच उत्तर मिळाले. त्यांना दोष देण्याचा नैतिक अधिकार मला नाही. जुन्या फोनवर मी स्वतः विजेरीचे एक अ‍ॅप घेतले होते आणि त्याने माझ्या फोनमधील सगळे नंबर पाहण्याची परवानगी मागितली होती. त्या वेळी वीज गेलेली होती आणि मी जिन्याच्या मध्यावर उभा होतो, त्यामुळे ती मी तत्काळ दिली. विजेरीला माझ्या मेहुण्याचा नंबर कशासाठी हवा, हा विचार मला प्रकाश पडल्यानंतरच सुचला.

नव्या फोनचे वैशिष्ट्य मला तिसऱ्या दिवशी समजले. पेढा नुकताच जिभेवर ठेवला होता, इतक्यात चिरंजीवांचा फोन आला. ‘बाबा, मोती चौकात बराच वेळ एकाच जागी उभे आहात. बरं वाटतंय ना?’ तोंडात पेढा असताना प्रकृती उत्तम आहे हे पटवून देणे किती कठीण असते, हे ज्याने केले असेल त्यालाच कळेल. आकाशातील उपग्रह, मोबाइलचे मनोरे आणि आसपासच्या दुकानांतील वायफाय या तिघांच्या साक्षीने माझा ठावठिकाणा पुण्यात दिसत होता. दुसऱ्या दिवशी मी ती सोय बंद केली, तर पंधरा मिनिटांत चिरंजीवांनी घाबरून आईला फोन लावला आणि ‘बाबा दिसेनासे झालेत’ असे कळविले. दिसत होतो तोवर निदान संशय तरी एकट्या चिरंजीवांनाच होता.

ज्या चार भिंतीच्या नावाने मी बाहेर पडत असे, तिच्याविषयी एक गोष्ट सांगितली जाते. राजघराण्यातील स्त्रियांना खालून जाणारी दसऱ्याची मिरवणूक पाहता यावी, पण त्या कोणाला दिसू नयेत, यासाठी छत्रपती प्रतापसिंह महाराजांनी ती वास्तू बांधली. आपण सर्वांना पाहावे आणि आपल्याला कोणी पाहू नये ही सोय आता फोनवाल्यांकडे गेली आहे. मिरवणूक मात्र आमची, आणि तीसुद्धा रोजची.

अखेर मी भूमिगत होण्याचे ठरविले. याच जिल्ह्यात 1942 च्या चळवळीनंतर क्रांतिसिंह नाना पाटील आणि त्यांचे सहकारी प्रतिसरकार चालवीत इंग्रजांच्या पोलिसांना वर्षानुवर्षे सापडले नव्हते, मग मला राजवाड्यापासून मोती चौकापर्यंत अर्धा तास लपता येऊ नये? फोन आणि घड्याळ दोन्ही चार्जिंगला लावून, पिशवी घेऊन, मी कोथिंबीर आणण्याच्या निमित्ताने निघालो. कोणत्याही उपग्रहाला न कळता आपण राजपथावरून चाललो आहोत या विचाराने माझी छाती इतकी फुगली की एका पेढ्याऐवजी पाव किलो घेण्याचे मी वाटेतच निश्चित केले.

दुकानात नवा संगणक आला होता. त्यामागील मुलगा मान वर न करता म्हणाला, ‘काका, नंबर सांगा.’

या क्षणासाठी माझी पूर्ण तयारी होती, कारण या विषयावरील कात्रणे मी वहीत चिकटवून ठेवतो. खासगीपणा हा मूलभूत अधिकार आहे असा निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी 24 ऑगस्ट 2017 रोजी एकमताने दिला, आणि ज्यांच्या याचिकेवर तो दिला ते न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी हेही माझ्यासारखेच निवृत्त होते. मे 2023 मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने, बिलासाठी ग्राहकाच्या मोबाइल नंबरचा आग्रह धरू नये, अशी सूचना व्यापाऱ्यांना केली. त्याच वर्षी झालेल्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात संमती ही मोकळेपणाने आणि समजून-उमजून दिलेली असावी असे म्हटले आहे. हे सर्व क्रमाने ऐकविण्यासाठी मी घसा साफ केला.

‘पॉइंट जमा होतात, काका,’ मुलगा म्हणाला. ‘पाव किलोला पंचवीस. शंभर झाले की एक पुडा फुकट.’

माझ्या तोंडून दहा आकडे बाहेर पडले. नुसते पडले नाहीत, तर पाचव्या आकड्यावर थांबून, संगणकाच्या पंख्याचा आवाज होता म्हणून दुसऱ्यांदा अधिक स्पष्टपणे पडले. मागे रांगेत उभ्या असलेल्या सहा-सात जणांना तो नंबर पाठ झाला असावा. मुलाने आणखी विचारले असते तर जन्मतारीखही सांगितली असती, कारण वाढदिवसाला दुप्पट पॉइंट अशी पाटी मला तेवढ्यात दिसली होती.

पुडा कोथिंबिरीच्या खाली घालून मी घरी आलो. फोन चार्जिंगवरून काढलेला होता आणि सौभाग्यवती तो दूर धरून, चष्मा नाकावर सरकवून, मोठ्याने वाचत होती. ‘धन्यवाद. कंदी पेढे, दोनशे पन्नास ग्रॅम. आपले पंचवीस पॉइंट जमा झाले आहेत.’

मी पिशवी खाली ठेवली. तिने कोथिंबीर बाजूला केली, पुडा काढला, दोरा सोडला आणि एक पेढा उचलून निरखून पाहिला.

‘अहो, असे वेगवेगळे कशाला साठवायचे?’ ती म्हणाली. ‘माझा नंबर सांगायचा. माझे पंचाहत्तर झालेत.’