बसने दर निवडणुकीत पदर पसरायचा का?

कॅलिफोर्नियातल्या सांता क्लारा काउंटीत राहून बस-रेल्वेसाठीचे कर मोजायचाही वीट आलाय. 1976 मध्ये बससाठी अर्धा टक्का विक्रीकर. 2000 मध्ये आणखी अर्धा. 2008 मध्ये बार्ट या मेट्रो रेल्वेसाठी अष्टमांश टक्का. 2016 मध्ये पुन्हा अर्धा. 2020 मध्ये कॅलट्रेन या लोकल रेल्वेसाठी परत अष्टमांश. आता 2026 च्या नोव्हेंबरसाठी अजून अर्ध्याची तयारी, तोही 14 वर्षांपुरता. मग? पुन्हा तेच?

2017 मध्ये सॅक्रामेंटोला, म्हणजे राज्य सरकारला, रस्ते दुरुस्त करायचे होते, तेव्हा पेट्रोलवर गॅलनमागे 12 सेंट विधिमंडळातच वाढवले. आणि 2025 मध्ये बस-रेल्वेसाठी कायदा केला तो कसला? मतदारांपुढे हात पसरायची परवानगी देणारा! 300 अब्ज डॉलरच्या वर अर्थसंकल्प असलेल्या राज्याने?

आणि मागायचं कुणाकडे? परवा दुकानात माझ्यापुढे एक बाई होत्या. धुण्याची पावडर, पोराचे बूट. त्यांनी पावतीवरची कराची ओळ दोनदा वाचली, मग पाकिटातून सुट्टे डॉलर काढले. पाकिटात बस-रेल्वेच्या तिकिटाचं क्लिपर कार्ड होतं. त्या बूटांवर जो दर, तोच कोट्यधीशाच्या बूटांवर! हा कुठला न्याय?

बरं, मंदी आली की विक्री घटते, कर आटतो, फेऱ्या कापतात. नेमकं तेव्हाच, जेव्हा लोकांना गाडी परवडत नाही. बार्टचा गाड्या चालवण्याचा दोन-तृतीयांश खर्च कोविडआधी प्रवाशांच्याच पैशांतून निघायचा. ऑफिसं ओस पडली, त्यात प्रवाशांचा काय दोष? शेवटची गाडी बंद झाली, तर रात्रपाळी संपवून निघालेल्या माणसाने घरी जायचं कसं?