बेअरिंगला लॉक का नाही? काकांच्या प्रतिक्रियेला उत्तर

काका, नमस्कार.

उत्तर द्यायला महिना लागला. रुसून बसलो नव्हतो. तुम्ही लिहिलेल्या गोष्टींपैकी एक तपासायची तर बांधत आणलेलं इंजिन पुन्हा उघडावं लागणार होतं. ते न उघडता उत्तर लिहिलं असतं तर ती नुसती तोंडपाटीलकी झाली असती.

ज्यांनी काकांची प्रतिक्रिया वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मी इथं मिशिगनमध्ये घरच्या गॅरेजात एक हॉट रॉड, म्हणजे फेरफार करून वेगवान केलेली जुनी गाडी, उभी करतोय. १९३१ च्या फोर्ड मॉडेल एची हलकी बॉडी, आणि तिच्यात फोर्डचंच १९४६ चं फ्लॅटहेड व्ही-८: चार-चार सिलिंडरांच्या दोन रांगा, इंग्रजी व्हीसारख्या. या इंजिनाचे व्हॉल्व्ह हेडमध्ये, म्हणजे सिलिंडरांवरच्या झाकणात, नसतात, ब्लॉकमध्ये सिलिंडरच्या शेजारी असतात. आपल्याकडचे जुने मिस्त्री साइड व्हॉल्व्ह म्हणतात तेच हे. कोल्हापूरला उद्यमनगरात चाळीस वर्षं बोअरिंग मशिनवर काढलेल्या काकांनी माझे फोटो बघून लिहिलं: "लेका, रॉडच्या बेअरिंगला लॉक कुठाय? बेअरिंग फिरणार आणि क्रँक खाणार. पाणी तापतंय म्हणून डिझाइनला नावं ठेवतोस, पण जॅकेट साफ केलंस का? एक सूत बोअर काढून ब्लॉकची वाट लावलीस. जुनंच पाहिजे होतं तर ॲल्युमिनियमची हेडं कशाला? ताकदच पाहिजे होती तर शेवरोलेचं इंजिन का नाही? फोटोत सगळं चकचकीत दिसतंय, पण फोटोतनं आवाज ऐकू येत नाही."

आधी लॉक. इथं तुम्ही चुकलात, पण चूक अशी आहे की चाळीस वर्षं हात काळे केलेल्या माणसाकडूनच ती होते. तुमच्या हाताखालून गेलेल्या बहुतेक सगळ्या इंजिनांत शेलला, म्हणजे बेअरिंगच्या पातळ अर्धगोल वाटीला, छोटी जीभ असते, ती रॉडच्या (पिस्टनला क्रँकशी जोडणाऱ्या दांड्याच्या) खाचेत बसते आणि शेल जागचं हलत नाही. हललं तर सत्यानाश. फोर्डच्या व्ही-८ मध्ये १९३२ पासून १९४८ पर्यंत ही जीभच नव्हती, कारण शेल फिरावं हाच त्यांचा हेतू होता. क्रँकच्या एका पिनवर दोन्ही बाजूंचे दोन रॉड शेजारी शेजारी बसतात. त्या दोघांत मिळून एकच रुंद शेलजोडी. तिला आतून बेअरिंगचा धातू आणि बाहेरूनही. पिन शेलच्या पोटात फिरते आणि शेल स्वतः रॉडच्या पोटात सावकाश फिरतं. म्हणजे घासण्याचा वेग दोन पृष्ठभागांत वाटला जातो.

याचा एक परिणाम मला पहिल्या वेळी कळलाच नव्हता. नेहमीच्या इंजिनात रॉडचं मोठं भोक म्हणजे शेल धरून ठेवायची नुसती बैठक. इथं ते भोकसुद्धा चालतं पृष्ठ आहे, म्हणून पिनइतकंच गोल आणि गुळगुळीत लागतं. माझ्या आठ रॉडांपैकी तीन लंबगोल निघाले. ते आतून घासून (होन करून) पुन्हा गोल करून घेतले. नंतर रॉड वाइसमध्ये नरम जबड्यांत धरला, शेलला तेल लावलं, टोपी आवळली आणि आत बोट घालून शेल फिरवलं. ते फिरलं, मधात चमचा फिरतो तसं. कुठं अडकलं नाही, कुठं सैल पडलं नाही. तुम्ही फोटोत जे पाहिलंत ते हेच. १९४९ च्या नव्या इंजिनापासून फोर्डनं प्रत्येक रॉडला वेगळं, लॉकवालं शेल दिलं. तेव्हा तुमचं म्हणणं खोटं नाही, तीन वर्षं पुढचं आहे.

आता पाण्याचं. इथं मी चुकलो. सरळच लिहितो, कारण मागच्या लेखात मी मोठ्या रुबाबात "फ्लॅटहेड हे जन्मतःच तापट इंजिन" असं लिहून मोकळा झालो होतो.

गेल्या ऑगस्टमध्ये डेट्रॉइटजवळच्या वुडवर्ड ॲव्हेन्यूवर जुन्या गाड्यांचा जो मोठा मेळा भरतो, त्यात मी ही गाडी नेली होती. मैलोन् मैल गाड्यांची रांग, वेग बैलगाडीचा. अर्ध्या तासात काटा लालमध्ये, वीस मिनिटांनी रेडिएटरच्या झाकणातून वाफ. रस्त्याकडेला बॉनेट उघडून उभा होतो तेव्हा येणारा जाणारा प्रत्येक जण एकच वाक्य म्हणत होता: फ्लॅटहेड आहे ना, तापणारच. मीही ते मान्य करून टाकलं.

त्या वाक्यात तथ्य नाही असं नाही. या इंजिनात व्हॉल्व्ह व्हीच्या आतल्या बाजूला आहेत आणि सायलेन्सरचे पाइप बाहेरच्या बाजूला. मग जळालेला धूर बाहेर जाणार कसा? ब्लॉकमधूनच, सिलिंडरांच्या मधून, चारी बाजूंनी पाणी असलेल्या बोगद्यातून. बाजूला चार सिलिंडर, पण तोंडं तीनच, कारण मधल्या दोघांचा धूर एकाच बोगद्यात सोडलाय. जी उष्णता पाइपातून निघून जायची ती आधी पाण्याला देऊन मग जाते. हे असं का केलं? तर स्वस्तात एकसंध ओतता यावं म्हणून. त्याआधी व्ही-८ म्हणजे बहुधा श्रीमंतांच्या गाडीचं, वेगवेगळे तुकडे बोल्टांनी जोडलेलं इंजिन. हेन्री फोर्डला दोन्ही बँका (सिलिंडरांच्या रांगा) आणि क्रँककेस एका ओतीत पाहिजे होती, आणि गाडी पाचशे डॉलरच्या आत. डिअरबॉर्नच्या रूज कारखान्यात सुरुवातीला ब्लॉक ढिगानं बाद होत होते. ओतकाम तुम्ही जवळून पाहिलंय. एका साच्यात एवढे कोअर (आतली पोकळी राखणारे वाळूचे ठोकळे) बसवायचे, त्यातला एक जरी सरकला तर काय होतं ते तुम्हाला मी सांगायला नको.

आणि तिथंच तुमचा जॅकेटचा, म्हणजे सिलिंडरांभोवतीच्या पाण्याच्या पोकळीचा, प्रश्न मला डाचला. कोअर म्हणजे वाळू. ती ओतल्यावर काढावी लागते. सगळी निघते का?

ज्या दुकानात मी ब्लॉक उकळत्या सोड्यातून काढायला दिला होता, त्यांनी "साफ" असं लिहिलेली चिठ्ठी लावून परत दिला होता. दुकानाचं नाव लिहीत नाही, कारण चिठ्ठीवर विश्वास ठेवणारा मी. तुमची प्रतिक्रिया वाचल्यावर क्रँक परत काढली, ब्लॉक उलटा टांगला आणि सायकलच्या जुन्या ब्रेकची केबल घेतली. तिचं टोक उसवून ड्रिलमध्ये धरली आणि डेकवरच्या (ब्लॉकच्या वरच्या सपाट बाजूच्या) पाण्याच्या भोकातून आत सोडली. आधी तांबडा गंज पडला, कुंकवासारखा. मग खपल्या. मग मागच्या दोन सिलिंडरांच्या बुडाशी केबल अडली, ढकलली तरी जाईना. वाकवलेल्या तारेनं खरवडलं तेव्हा काळी, दगडासारखी झालेली वाळू सुटायला लागली, आणि तिच्यात गुंतलेली एक तार, बोटभर लांब. कोअरच्या आत आधाराला घालतात ती. १९४६ मध्ये कुणीतरी ती आत ठेवली आणि माझ्या हातात ती आत्ता आली. चार संध्याकाळी हेच केलं. निघालेला सगळा ऐवज बायकोच्या किचनमधल्या काट्यावर तोलला (तिला माहीत आहे, आता): साडेसहाशे ग्रॅम. मागच्या सिलिंडरांभोवती पाणी फिरतच नव्हतं. या इंजिनाला मुळात दोन पंप आहेत, प्रत्येक बँकेला एक. ते बिचारे गाळावर डोकं आपटत होते. तापट स्वभाव डिझाइनचा खरा, पण ताप मी आणला होता. मागच्या लेखातलं ते वाक्य खोडलंय.

बोअरचं मात्र अर्धंच मान्य. मूळ बोअर (सिलिंडरचा व्यास) ३ ३/१६ इंच, मी ३ ५/१६ केला, म्हणजे बरोबर एक सूत, १/८ इंच. २३९ घनइंचांचं इंजिन २५८ च्या आसपास गेलं. हे ताकदीसाठी केलं असं तुम्हाला वाटलं, पण कारण गंज होता. ब्लॉक कुणाच्या तरी कोठारात हेडशिवाय पडून होता आणि दोन सिलिंडरांत खड्डे पडले होते. साठ थाऊला (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) ते गेले नाहीत, ऐंशीला गेले नाहीत. सव्वाशेला भिंत स्वच्छ लागली. काढण्याआधी अल्ट्रासॉनिक मीटरनं प्रत्येक भिंत चार जागी मोजून घेतली होती. एका बाजूला जाड, एका बाजूला पातळ, म्हणजे कोअर सरकलेला. पण पातळ जागीही रस्त्यावरच्या इंजिनाला पुरेल एवढा माल होता. तुम्ही म्हणाल, खराब दोनच सिलिंडरांना स्लीव्ह (आतून नवी नळी) मारून बाकीचे थोड्यात सोडवता आले असते का? आले असते. पुढच्या माणसासाठी माल ठेवायचा तर तेच बरोबर होतं. आठही बोअर एकसारखे आणि पिस्टन एकाच सेटचे, हा मोह मला आवरला नाही.

भेगांबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगतो. चुंबकाची पूड टाकून पाहिलं तेव्हा एका एक्झॉस्ट सीटपासून बोअरकडे निघालेली भेग दिसली. वेल्डिंग न करता पिना मारून शिवली: भोक पाडायचं, आटे काढायचे, पिन घट्ट बसवून मोडायची, मग पुढचं भोक आधीच्या पिनेचा थोडा भाग खात. सहा पिना लागल्या.

राहिला शेवटचा टोमणा. शेवरोलेचं छोटं व्ही-८ १९५५ मध्ये आलं तेव्हा २६५ घनइंचांत १६२ अश्वशक्ती देत होतं. माझं इंजिन कारखान्यातून निघालं तेव्हा १०० देत होतं. हॉट रॉडवाल्या पोरांनी लगेच पक्ष बदलला, आणि पैशाचा हिशेब केला तर त्यांचं बरोबरच होतं. पण त्याआधीची बरीच वर्षं कॅलिफोर्नियातली कोरड्या तळ्यांवर पळवलेली बहुतेक गाडी याच इंजिनावर होती. भंगारातून मिळायचं, आणि फेरफार केला की बदल लगेच कळायचा. ॲल्युमिनियमची हेडं आणि दोन स्ट्रॉमबर्ग ९७ कार्बोरेटर ही त्याच काळातली चाल, म्हणून लावली. मी वस्तुसंग्रहालयातलं इंजिन बांधत नाही. १९४८ साली एखाद्या पोरानं बांधलं असतं तसं बांधतोय.

हेडांबाबत एकच संयम पाळला. साइड व्हॉल्व्हमध्ये हवेला व्हॉल्व्हमधून वर यावं लागतं, आडवं जावं लागतं आणि मग सिलिंडरात उतरावं लागतं. कॉम्प्रेशन वाढवायला छत खाली आणलं की तो आडवा रस्ताच चिंचोळा होतो. जोरानं दाबायचं की मोकळा श्वास घ्यायचा, यातलं एक निवडावं लागतं. म्हणून साडेसातला एक यावर थांबलो. प्रत्येक हेडला चोवीस स्टड आहेत आणि त्यांतले बरेच थेट पाण्यात उतरतात. मागच्या वेळी एकाच्या आट्यांना सीलर लावायचा राहिला आणि तो आठवडाभर रडत होता. यंदा बायको यादी हातात धरून मोजत होती.

इंजिन परवा पुन्हा बांधून झालं. तेलाचा दाब हातानं फिरवून पाहिलाय, पाणी भरलंय, गळती नाही. रविवारी सकाळी अकराला, या बांधणीनंतर पहिल्यांदा, चालू करतोय, तेव्हा तुमच्याकडे रात्रीचे साडेआठ वाजलेले असतील. मधल्या दोन सिलिंडरांचा धूर एकाच तोंडातून निघतो, म्हणून याचा ठोका शेवरोलेपेक्षा वेगळा पडतो. व्हिडिओ कॉल लावतो. फोन सायलेन्सरजवळ धरायचं काम बायकोनं घेतलंय. तुम्ही फक्त कानाला यंत्र लावून बसा आणि टॅपेट वाजतंय का ते सांगा.