पुस्तक घ्या, पण उघडू नका

एमबीबीएसला नंबर लागल्याबद्दल अभिनंदन. फी भरून झाली तरी वडिलांचा खिसा या आठवड्यात अजून थोडा सैल असतो, तेव्हा संधी दवडू नका. शरीररचनेचा तो जाडा ग्रंथ, थेट ‘ग्रेज अ‍ॅनाटॉमी’ मागा, तीही मोठी. सिनिअर म्हणतील, ‘अरे, चौरसियांचं पुस्तक घे, व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, तेवढंच विचारतात.’ त्यांचं ऐका, चौरसियाही घ्या आणि गादीखाली सरकवून ठेवा. टेबलावर मात्र ग्रे. गावाकडून मामा आले की त्यांच्या हातात देऊन वजन बघू द्या. ‘एवढं सगळं पाठ करावं लागतं का रे?’ यावर काही बोलायचं नाही, नुसतं थकल्यासारखं हसायचं.

एडिशन नवीच हवी. सिनिअरची प्रत अर्ध्या किमतीत मिळतेय म्हणून भुलू नका. मागच्या एडिशननंतर माणसाचं यकृत जागचं हललेलं नाही, पण मुखपृष्ठ बदललंय ना! शिवाय जुन्या प्रतीला प्रेतं टिकवायच्या फॉर्मालिनचा वास असतो, पानांवर चरबीचे डाग असतात. म्हणजे कुणीतरी ती डिसेक्शन हॉलमध्ये उघडली होती. असली वापरलेली पुस्तकं घरात आणू नयेत.

पास व्हायची चिंता नको. गेल्या दहा वर्षांचे प्रश्न आणि गेटसमोरच्या झेरॉक्सवाल्याकडच्या नोट्स त्यासाठीच असतात. (त्या ज्या हुशार मुलीच्या अक्षरात आहेत, ती कधीच एमडी होऊन गेली; नोट्स अजून विकल्या जातायत.) सर्जरीचं बेली अँड लव्ह 1932 पासून, मेडिसिनचं हॅरिसन 1950 पासून छापलं जातंय, आणि दोन्हींचं म्हणणं एकच: आधी रोग्याचं ऐकून घ्या, मग त्याला हात लावून तपासा. तुम्हाला तर नीट-पीजीला, म्हणजे पदव्युत्तर प्रवेशाच्या परीक्षेला, चारांतला एक पर्याय निवडायचाय. पोट दुखणारा माणूस चार पर्याय घेऊन कॅज्युअल्टीत येत नाही, हे खरं. पण तोवर तुम्ही रेडिऑलॉजीला, एक्स-रे बघायला, गेलेले असाल.

पीजीला लागलात की त्याच ‘ग्रे’कडून एक धडा मात्र जरूर घ्या. 1858 च्या पहिल्या आवृत्तीतली चित्रं हेन्री व्हॅनडाइक कार्टर यांनी काढली. नावं त्यांनी अवयवांवरच लिहिली, म्हणून तर पुस्तक मुलांच्या डोक्यात शिरलं. पुस्तक लिहिणाऱ्या ग्रे साहेबांना दर हजार प्रतींमागे पैसे मिळायचे, कार्टरना एकरकमी 150 पौंड. वर पहिल्या पानाच्या प्रुफावर ग्रेंनी कार्टरचं नाव लहान टायपात करायला सांगितलं. कार्टर त्याच वर्षी मुंबईला आले, ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवू लागले, महारोगावर आणि मदुरा फूट या पायाच्या रोगावर काम करत राहिले. तेव्हा केसेस तुम्ही गोळा केल्यात, स्लाइड तुम्ही बघितल्यात, रात्री दोनला आकड्यांची टेबलं तुम्ही जुळवलीत आणि रिसर्च पेपरवर सरांचं नाव आधी आलं, तर कुरकुर करू नका. प्रथा चांगली जुनी आहे.

शेवटी दवाखाना. हॅरिसनचे दोन्ही खंड काचेच्या कपाटात, पेशंटच्या नजरेच्या रेषेत लावा. किल्ली हरवली तरी चालेल. पेशंटसमोर पुस्तक उघडायचं नाही, हा या धंद्यातला पहिला नियम. उघडलंत की बाहेर बाकावर कुजबुज सुरू होते: ‘डॉक्टर बघून बघून लिहितात.’ समजा, बारा किलोचं तापलेलं पोर आलंय. पॅरासिटामॉल एका वेळी किलोमागे 15 मिलीग्रॅम, म्हणजे 180. सिरप एका बाटलीत 5 मिलीला 120, दुसरीत 250. पहिलीतलं साडेसात मिली, दुसरीतलं जेमतेम साडेतीन. हा हिशोब पुस्तकात बघून, कागदावर मांडून करणारा डॉक्टर अडाणी ठरतो. तुम्ही मान वर न करता ‘एक चमचा, तीनदा’ असं खरडा. चमचा चहाचा की मापाचा आणि बाटली कुठली, ते केमिस्टकडचा पोऱ्या बघून घेईल.